ज्यांची नावं राहून जातात

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय. आमच्याकडे हा अध्याय निघाला की सगळ्यांना स्तेफन आठवतो, पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव देणारा, दगडमार, आणि मग उपदेश तिकडेच जातो. पण अध्यायाची सुरुवात वेगळीच आहे. सुरुवात कुरकुरीने होते. यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांत, रोज अन्नवाटप व्हायचं आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जायच्या, म्हणजे मुद्दाम कोणी वगळत होतं असं नाही लिहिलेलं, पण राहून जायच्या. पेंटेकॉस्टनंतरची, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्यानंतरची मंडळी, आत्म्याने भरलेली, रोज भर पडतेय, आणि तिथंही काही बायकांच्या ताटात काही येत नाही. मला हे वाचून फार धीर येतो खरंतर. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रेषितांनी काय केलं, तर सात माणसं निवडायला सांगितली, आणि त्या सातांची नावं बघा, सगळीच्या सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या बाया उपाशी राहत होत्या त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप देऊन टाकलं.

हे मला कुठल्या बायबल स्टडीत कळलं नाही, आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेमुळे कळलं, म्हणून आज लिहायला बसले.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय पण तोंडात अजून नगरच येतं). नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 मध्ये, तिथून गावोगाव शाळा, मग छोट्या मंडळ्या, 1970 मध्ये आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली त्यात आम्हीही आलो. दगडी चर्च, पुढं कडुनिंब, बाजूला पाळकसाहेबांचं घर. जवळ राहणारे शिक्षक, नर्स, बँकेतले, रिटायर्ड लोक, ही आमची पुढची बाकं. आणि कॅनॉलच्या पलीकडं एक वस्ती आहे, तिथली पंचवीस-तीस घरंही आमचीच, बहुतेक शेतमजुरी करणारी, काही ऊसतोडीला जाणारी, ती मागची बाकं. असं कुठं लिहिलेलं नाही पण असंच बसतात सगळे, वर्षानुवर्षं.

तर त्या सभेत हिशोब चालू होता, रंगकामाला किती, साऊंड सिस्टीमला किती, आणि वस्तीवरची एक मावशी उभी राहिली. तिला सगळे मावशीच म्हणतात, मीही तेच म्हणते इथं. पदर नीट केला आणि म्हणाली, "साहेब, आमच्या घरी मंडळी फक्त मयताला येती. माणूस जित्तं असताना कुणी का येत न्हाई?" एकदम शांतता. कोणीतरी म्हणालं की बाई हिशोबाचा विषय चालू आहे, हा विषय नंतर घेऊ. पाळकसाहेब म्हणाले, नाही, आत्ताच घेऊ, मावशी तुम्ही बोला. आणि मग ती बोलली. सुनेचं सीझर झालं तेव्हाचं, नवरा सहा महिने अंथरुणाला होता तेव्हाचं, शेजारच्या म्हाताऱ्याचे डोळे गेले आणि तो चर्चला यायचा बंद झाला त्याला किती वर्षं झाली हे इथं कुणाला तरी माहीत आहे का, असं तिने विचारलं. आवाज चढवला नाही. उलट एकेक नाव घेत गेली.

पुढच्या रविवारी साहेबांनी हाच सहावा अध्याय घेतला. आणि उपदेश संपल्यावर दोनशे पानी वही मावशीच्या हातात दिली, की आजपासून समाचाराचं, म्हणजे घरोघरी जाऊन विचारपूस करण्याचं काम तुमच्याकडं, सोबत कोण पाहिजे ते तुम्ही निवडा. पंच कमिटीतल्या काहींना हे पटलं नाही, मावशीला वाचता येतं पण हळू, लिहिणं तर त्याहून कठीण, मग वही कशी सांभाळणार. तिची नात अकरावीला आहे, ती लिहिते. सुटला प्रश्न.

वहीत रकाने आहेत. नाव, वस्ती, शेवटचं कधी भेटलो, काय लागतंय, कोण जाणार. बस. पहिल्यांदा ती भरली तेव्हा कळलं की मंडळीच्या रजिस्टरात असलेल्या कितीतरी माणसांपुढे "शेवटचं कधी भेटलो" हा रकाना रिकामाच ठेवावा लागतोय. 

मी मावशीबरोबर जायला लागले ती पाळकीणबाईंच्या सांगण्यावरून, शाळा सुटल्यावर बुधवारी. तिची जायची पद्धत सांगण्यासारखी आहे. ती कधीच "चर्चला का येत नाही" असं विचारत नाही. एकदाही नाही. घरात गेली की खुर्चीवर बसत नाही, सरळ आत स्वयंपाकाकडे जाते, बाई मेथी निवडत असली तर समोर बसून मेथी निवडायला लागते. लसूण सोलते. कोण आजारी, कुणाची पोरगी नांदायला गेली, शेळी व्याली का, सगळं बोलून होतं. जायच्या आधी स्तोत्र, 23 किंवा 121, पाठ आहेत तिला, डोळे मिटून म्हणते, आणि छोटी प्रार्थना, त्यात त्या घरातल्या प्रत्येकाचं नाव, शाळेत गेलेल्या पोराचंसुद्धा. मग उठते. चहा ठेवू का म्हटलं तर घोटभर घेते, नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटलं की समोरच्याला लागतं असं तिचं म्हणणं.

आणि असं निवडता सोलताना लोक कारणं सांगतात. न विचारता सांगतात. 

एका आजींनी सांगितलं की त्यांना दानाच्या थैलीची भीती वाटते. गाणं सुरू होतं, थैली बाकाबाकावरून फिरत येते, आणि त्यांच्याकडं टाकायला काही नसायचं, तर त्या मूठ बंद करून थैलीत घालायच्या आणि तशीच रिकामी बाहेर काढायच्या, शेजारणीला कळू नये म्हणून. पुढं पुढं तेही नको वाटायला लागलं आणि त्या यायच्याच बंद झाल्या. मी हे ऐकत होते आणि मला त्यांच्या हाताकडे बघवेना. मार्कात ती दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दानात टाकणारी विधवा आहे ना, तिच्यावर आम्ही दरवर्षी उपदेश ऐकतो, आणि तिच्यासारखी बाई आमच्याच मागच्या बाकावर रिकामी मूठ थैलीत घालत होती.

दुसऱ्या एका घरात कळलं की भाऊंना अर्धांगवायू झाल्यावर तीन पायऱ्या चढता येत नाहीत आणि उचलून नेलेलं त्यांना आवडत नाही. एका घरात नवरा-बायकोला ऐकूच कमी येतं. एकीला बरी साडी नाही. एका कुटुंबाचं कापणीच्या सणाच्या लिलावात कोणाशी तरी वाजलं होतं, तेव्हापासून घरच्या घरी प्रार्थना. प्रत्येक कारण इतकं साधं होतं, आणि आम्ही मात्र समजत होतो की लोकांचा विश्वास थंड पडलाय, उपवास प्रार्थना ठेवली पाहिजे, बाहेरचा वक्ता बोलवून संजीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागा करणारी सभा, घेतली पाहिजे. उपवास प्रार्थनेच्या मी विरोधात नाही, मी स्वतः लेंतमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, करते. पण पायऱ्यांना उपाय रॅम्प असतो. रॅम्प झाला, विटांचा, मंडळीतल्याच गवंड्याने रविवारी उपासना झाल्यावर दोन पोरं हाताशी घेऊन बांधला. भाऊ आता वॉकर घेऊन येतात आणि मुद्दाम पुढे बसतात!

थैलीचं काय करायचं यावर मात्र बरीच चर्चा झाली. पाळकसाहेब कधीकाळी ईशान्येकडं एका शिबिराला गेले होते, त्यांनी मिझोरामची गोष्ट सांगितली. तिथल्या ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातला मूठभर देवासाठी बाजूला काढून ठेवतात, बुहफाई थाम म्हणतात त्याला, 1910 पासून चालू आहे, आणि त्या मुठीमुठीच्या तांदळावर तिथल्या मंडळ्यांनी केवढं मोठं मिशनकार्य उभं केलंय. गरिबातली गरीब बाईसुद्धा देणारी होते, कारण ज्या घरात चूल पेटते त्या घरात मूठभर असतंच. आमच्याकडे भात कमी, म्हणून ज्वारी, बाजरी, गहू, जे असेल ते. दाराशी एक पत्र्याचा मोठा डबा ठेवलाय, येताना प्रत्येकजण आपली पुरचुंडी त्यात ओततो, कुणाची केवढी हे बघायला कोणी उभं नसतं. थैली बंद नाही केली, पण ती आता फिरत नाही, डब्याशेजारीच पेटी आहे. त्या आजी परत यायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी बाजरी आणली होती, रुमालात बांधून, आणि ओतून झाल्यावर रुमाल झटकला तेव्हा चार दाणे खाली पडले ते वाकून वेचून परत डब्यात टाकले.

डब्यातलं धान्य कुठं जातं तर मयताच्या घरी, बाळंतिणीच्या घरी, ज्याची मजुरी बुडाली त्याच्या घरी. वहीत बघून मावशी ठरवते. कुणाला दिलं हे रविवारी जाहीर होत नाही.

हे सगळं बघताना मला सारखी पंडिता रमाबाई आठवते. मी दौंडजवळच्या केडगावला तिने उभं केलेलं मुक्ती मिशन बघून आलेय, आमच्यापासून तसं लांब नाही. रमाबाईचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले 1874 मध्ये, पाठोपाठ बहीण गेली, ती आणि भाऊ पायी वणवण फिरले. पुढं 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा ती मध्य प्रांतात स्वतः गेली आणि शेकड्यांनी मुली, बालविधवा घेऊन आली. नुसत्या कळवळ्याने माणूस एवढं करत नाही, तिला भूक माहीत होती, रस्त्याच्या कडेला बसलेली पोरगी कुणाच्या नजरेतून सुटते हे तिला माहीत होतं. आणि मुक्तीत आणलेल्या मुलींना तिने नुसतं सांभाळलं नाही, कामं दिली, शेती, विणकाम, छापखाना. तिने स्वतः मूळ भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं ते तिथल्याच बायकांच्या हातून छापलं गेलं. ज्यांना कोणी घरात घेत नव्हतं त्यांनी देवाचं वचन खिळा खिळा जुळवून छापलं, याहून मोठा आत्मिक संजीवनाचा पुरावा मला तरी दुसरा सांगता येणार नाही. 1905 चं मुक्तीचं संजीवन सगळ्यांना माहीत असतं, लोक त्याच्यावर पुस्तकं लिहितात, पण त्याआधीची ती सगळी वर्षं बायका एकमेकींच्या जखमा धूत होत्या हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आत्मिक वाढ हा शब्द आम्ही फार वापरतो. वाढ झाली का हे कशावरून ओळखायचं, तर माझ्या मते बुधवारच्या घर-प्रार्थनेवरून. आधी आमची प्रार्थना अशी असायची की प्रभू सर्व आजाऱ्यांना स्पर्श कर, सर्व अनाथांना, सर्व विधवांना, पुढाऱ्यांना सुबुद्धी दे, आमेन. वाईट नाही काही, पण त्यात माणूसच नसायचं. आता वही उघडून बसतात. अमुक मावशींची शुगर, तमक्याच्या पोराचं पोलीस भरतीचं ग्राउंड, श्रावणबाळचे पैसे तीन महिने आले नाहीत, नावासकट मागतात, आणि पुढच्या बुधवारी कोणीतरी विचारतंच की मागच्या वेळी मागितलं त्याचं काय झालं. नुसतं विचारत नाहीत, श्रावणबाळचे पैसे अडकले असतील तर तहसीलला कोण घेऊन जाणार तेही तिथंच ठरतं. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले असतात, ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर दुबईला, त्यांना बँकेत नेणं हे तरुण संघाने अंगावर घेतलंय. 

तरुण संघातला एक मुलगा भाऊंना फिजिओथेरपीला घेऊन जायचा, आठवड्यातून दोनदा, रिक्षा करून. हा मुलगा चर्चला यायचा पण मोबाइल बघत बसायचा, प्रार्थनेत कधी तोंड उघडायचा नाही. एका बुधवारी त्याने भाऊंसाठी मोठ्याने प्रार्थना केली. दोनच वाक्यं, तीही अडखळत. मला त्या दिवशी मार्काचा दुसरा अध्याय उलगडला. चौघेजण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उकरून खाट खाली सोडतात, आणि तिथं लिहिलंय की येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्या माणसाला क्षमा केली. त्यांचा! म्हणजे उचलणाऱ्यांचा विश्वास प्रभूने हिशोबात धरला. आता हे चौघे खाट उचलण्याच्या आधी केवढे विश्वासू होते काय माहीत, मला वाटतं उचलता उचलता झाले असतील.

सगळं छान चाललंय असं नाही. घराघरात गेलं की घराघरातल्या गोष्टी कळतात, आणि त्या बाहेर फुटल्या की समाचाराचं काम संपलंच म्हणून समजा. एकदा एका घरचा दारूचा विषय व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनाविनंती म्हणून पडला, त्या घराने दार बंद केलं ते अजून पूर्ण उघडलेलं नाही. तेव्हापासून नियम झाला, वहीत आजार लिहायचा, भांडण लिहायचं नाही, ग्रुपवर कुणाचंही नाव टाकायचं नाही, आणि कुणाच्या घरी एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं. प्रभूनेही शिष्यांना दोघा-दोघांनीच पाठवलं होतं.

वहीच्या शेवटच्या पानांवर मावशीने एक वेगळी यादी सुरू केली, मंडळीबाहेरची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, पाथर्डीकडून, कारखान्याजवळ मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. बाया पहाटे तीनला उठतात, भाकरी थापतात, फडावर जातात, लेकरं कोपीत नाहीतर फडाच्या बांधावर. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय पेपरांत गाजला होता तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, पण त्या बाया दरवर्षी आमच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर येऊन राहतात. मावशी लग्न झाल्यापासून बरीच वर्षं स्वतः कोयत्यावर गेलेली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय घसरला तर काय होतं ते तिच्या गुडघ्याला माहीत आहे.

कमिटीत विषय निघाला तेव्हा एकदोघांनी सुचवलं की नाताळच्या वेळी तिथं जाऊन गाणी म्हणू, खाऊ वाटू, नवा करार देऊ. मनापासूनच म्हणत होते ते. मावशी म्हणाली, "आधी पाणी. त्या बाया कॅनॉलचं पाणी पित्यात." तर पहिलं काम पाण्याच्या टाकीचं झालं, एका मंडळीकराच्या बोअरवरून. मग आशाताईंना गाठून लेकरांचे डोस. मग संध्याकाळी तासभर लेकरांना घेऊन बसणं, मी आणि अजून दोन शिक्षिका जातो, पाढे, वाचन, गाणी. एका बाईला सातवा लागला होता आणि पायावर सूज, तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं, मुकादम कुरकुरत होता, पाळकसाहेब स्वतः जाऊन त्याच्याशी बोलले.

आम्ही तिथं फोटो काढत नाही आणि कसलं वाटपही करत नाही. हल्ली कोणी ख्रिस्ती माणूस कुणाच्या मदतीला गेला की लोक विचारतात बदल्यात काय पाहिजे, हे खरंय, पण मी त्या भीतीने हे म्हणत नाहीये. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परकं मानायचे त्यांच्यातला. बाकी नऊ कुठे असं प्रभूने विचारलं, पण त्या नवांचं बरेपण काढून घेतलं नाही. मला हे पुरेसं आहे. मावशी आपली श्रद्धा काही लपवत नाही, कोपीत बसून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन म्हणते, बाया विचारतात हे कुणाचं गं, तर सांगते, जेवढं विचारलं तेवढं सांगते. त्यांच्या खंडोबाला ती नावं ठेवत नाही. एका बाईने जाताना तिच्याकडून स्तोत्र 121 नातीच्या हाताने कागदावर लिहून घेतलं, ते तिला पर्वताकडे डोळे लावण्याचं आवडलं म्हणाली.

पंचांमधल्या काहींचं अजून म्हणणं आहे की पाळकीय काम अशिक्षित बायकांवर टाकणं बरोबर नाही, उद्या चुकीचं काही शिकवलं तर. मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि तसं मी मीटिंगमध्ये बोललेय. साहेब दर महिन्याला समाचारवाल्या सगळ्यांना घेऊन बसतात, एक अध्याय वाचतात, कुठं काय बोलले त्याची उजळणी होते. आणि चुकीचं शिकवण्याची भीती शिकलेल्या माणसाची जास्त बाळगावी असं माझं मत आहे.

मावशीचे गुडघे आता चालू देत नाहीत. तिने वही दुसऱ्या कुणाला द्यायची ठरवलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की पाळकीणबाईंकडे जाईल. तिने दिली ती वस्तीवरच्या एका तरुण पोरीला, माहेरी परत आलेली, लहान मूल कडेवर, दोन वर्षं चर्चमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नव्हतं. साहेबांनी मावशीला विचारलं हीच का, तर म्हणाली, "तिला ठावं हाय कोण कुठं बसत न्हाई ते."

येत्या रविवारपासून ती वही बघणार. टोळ्या यायला लागल्यात, यंदा कोप्या कॅनॉलच्या अलीकडे पडल्यात, पाण्याचा पाइप लांब न्यावा लागणार आहे, कुणाकडं जुना पडून असेल तर चर्चवर आणून द्या. डब्यात तांदूळ बराच जमलाय, बाजरी कमी आहे. थंडीत बाळंतिणी दोन आहेत, तर बाजरी आणा.